बिनफोटोचा खरमोर

नवशिक्यांचा मला पहिल्यापासून राग येतो. दर रविवारी आमचा ग्रुप देवासहून पक्षी बघायला निघतो, आणि दर वेळी कोणीतरी नवा भगवा टी-शर्ट घालून, अंगभर अत्तर फासून येतो, वर मलाच विचारतो, "अंकल, टायगर दिखेगा क्या?" डोंबल दिसतोय! असल्यांसाठी मी एक यादी करून ठेवली होती. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण. त्याहून ताकदीची नको, हात हलला की चित्र नाचतं. मातकट रंगाचे कपडे. करकर न वाजणारे बूट. वही आणि शिसपेन्सिल, कारण पावसात शाई फुटते. कॅमेरा मी मुद्दाम लिहिला नव्हता. आधी बघायला शिका, मग बटणं दाबा. आजवर ती यादी कोणी धड वाचलीही नाही. प्रेमलाबाईंनी मात्र अक्षरन् अक्षर पाळली.

प्रेमलाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. यजमान नागपूरकडून इथल्या कारखान्यात आले, फोरमन होऊन निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. मूलबाळ नाही. चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायचे आणि संध्याकाळी अंगणात चिमण्या मोजत बसायचं, एवढंच राहिलं होतं. दुर्बीण घ्यायला त्या एकट्या इंदूरला गेल्या, दुकानदाराला दहा दुर्बिणी काढायला लावल्या आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचून बघून मगच एक निवडली. मातकट कपड्यांसाठी नवऱ्याचे दोन खाकी युनिफॉर्म उसवून आठ खिशांचं जाकीट शिवलं. छातीवर कंपनीचा बिल्ला होता तेवढी जागा जरा गडद राहिली होती.

"काकू, ड्यूटीवर आल्या काय?" पहिल्याच दिवशी अंकितने विचारलं. अंकित म्हणजे आमच्यातला फोटोवाला, हातभर लांब लेन्सवाला. सगळे खो खो हसले. मीही हसलो.

आता खरमोराचं सांगतो. कोंबडीएवढा पक्षी, मान लांब, पाय लांब. पावसाळ्यात माळव्याच्या गवतात येतो आणि अंडी घालतो. नर हवेत उड्या मारतो म्हणून निदान दिसतो. मादी बसली की नुसतं गवत. फारच थोडे उरलेत. माझे आजोबा धार संस्थानात जंगल खात्यात होते, त्यामुळे खरमोरावर आमच्या घराण्याचा हक्कच आहे अशी माझी समजूत. तीस वर्षं शोधतोय. एकदाही दिसला नाही.

आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ही बाई चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "शिवाजीराव, मला खरमोर दिसली. अंड्यांवर बसलीय."

हाटपिपल्याहून बागलीकडे जाताना एक बीड लागतं, म्हणजे गुरांसाठी राखलेलं गवताचं रान. तिथे त्या आठवड्यातून तीनदा एकट्या बसने जात होत्या. त्यांनी वही पुढे केली. तारीख, वेळ, पेन्सिलीने काढलेलं चित्र. मानेवरच्या रेघा, पायांची लांबी, सगळं जिथल्या तिथे. मी एका नजरेत ओळखलं. बाई खरं बोलत होती.

"तितर असेल," मी म्हणालो.

"तितराची मान एवढी असते का हो?"

"फोटो आहे?"

"तुमच्या यादीत कॅमेरा नव्हता."

"बिना फोटो तर मीपण डायनासोर बघितलाय, भिया!" अंकित ओरडला. टपरीवाल्यासकट सगळे हसले. मी म्हणालो, "पुरावा आणा, मग बोलू." का म्हणालो? जळफळाट झाला होता माझा, दुसरं काय! तीस वर्षं मी, आणि दिसली कोणाला, तर ब्लाउज शिवणारीला.

आठवडाभर ग्रुपवर डायनासोरची चित्रं पडत होती. मी थांबवलं नाही. उलट लिहिलं, "नवशिक्यांनी दुर्मिळ पक्ष्यांचे दावे करू नयेत." पुढच्या रविवारी प्रेमलाबाई आल्या त्या बाजूला एकट्याच बसल्या. चेहरा उतरलेला. अंकित मग लाडात आला. "काकू, जागा सांगून टाका ना. मी फोटो काढतो, सगळ्यांची तोंडं बंद."

घरट्याची जागा कोणाला म्हणजे कोणाला सांगायची नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसतं "नको" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी चहा पीत राहिलो.

"बीडातल्या वाकड्या बाभळीपासून उत्तरेला चाळीस पावलं," त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी फोटो आला. लख्ख. मादीच्या पोटाखाली एक अंडंही दिसत होतं. टाळ्या, हार, "सॉरी काकू", "काकू नंबर वन". मीही अभिनंदन लिहिलं. दुपारी त्यांचा फोन आला.

"शिवाजीराव, फोटोत गवत कुठे आहे हो?"

मी पुन्हा बघितलं. घरट्यापुढचं हातभर गवत साफ होतं. अंकितला विचारलं तर म्हणाला, "थोडंसंच कापलं, भिया. लेन्सच्या आड येत होतं."

बुधवारी पहिल्या बसने आम्ही दोघं गेलो. उघड्या जागेवर कवचांचे तुकडे होते आणि बलकाला मुंग्या लागल्या होत्या. वर दोन कावळे अजून घिरट्या घालत होते. प्रेमलाबाई तुकड्यांजवळ वाकल्या.

"मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं."

"तुमचा काय दोष?" मी म्हणालो.

"माझा आहे. आणि तुमचाही आहे." आवाज चढवला नाही त्यांनी. माझ्याकडे बघितलंही नाही.

बाभळीखाली येऊन आम्ही बसलो. तासाभराने त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. गवतातून मादी बाहेर आली होती. मान उंच करून थांबत थांबत त्या उघड्या जागेवर गेली, दोनदा फिरली आणि पिसं फुगवून तिथेच बसली. पोट हलवत, अंडी नीट पोटाखाली घ्यावीत तशी. खाली काही नव्हतं.

घाईत माझी दुर्बीण घरी राहिली होती. प्रेमलाबाईंनी आपली काढून माझ्या गळ्यात घातली.

"बघा. पुरावा पाहिजे होता ना तुम्हाला?"

मी बघितलं. मानेवरच्या रेघा, पिवळसर डोळा, एकेक पीस वेगळं दिसत होतं. लाज वाटते सांगायला, पण छाती आनंदाने भरून आली माझी. तीस वर्षं! शेजारी ती बाई रडत होती, आणि मला मात्र असं झालं होतं की पक्षी उठू नये, अजून थोडा वेळ तिथेच बसावा.

त्यांनी दुर्बीण परत घ्यायला हात पुढे केला.

"एक मिनिट," मी म्हणालो.