एका ओळीत गडप झालेले गुरुवार

“‘मागच्या वेळेसारखंच.’ या ओळीत एवढंच लिहिलंय,” एस्थर फोनवर म्हणाली. “मग मागची वेळ कुठे आहे?”

सोमवारची सकाळ होती. मी अजून कोटही काढला नव्हता. फोन खांद्याला धरून फाइल उघडली. ओळ होती. गाव, हॉस्टेल, तारीख, आणि ‘काय घडलं’ या रकान्यात तेवढे दोनच शब्द. त्या हॉस्टेलची दुसरी ओळ अख्ख्या यादीत नव्हती.

“बघते आणि फोन करते,” मी म्हटलं.

“लवकर बघ, वर्षा. यादी शुक्रवारीच गेली आहे.”

ही २००४ सालची गोष्ट. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमध्ये एका छोट्या कंपनीत डेटा मॅनेजर होते. नवीन औषधांची माणसांवर चाचणी घेतात, तिला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतून पेशंटची माहिती येते आणि त्यात चुका असतात. वजनाच्या जागी उंची लिहिलेली असते, एकच पेशंट दोनदा नोंदलेला असतो. त्या चुका शोधायचं काम आमचं. याला डेटा क्लीनिंग म्हणतात. ऐकायला झाडूपोछासारखं वाटतं आणि कामही थोडंफार तसंच असतं.

एस्थर युरोपातून एका वर्षासाठी इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आली होती. वय बावीस. युरोपातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या बऱ्याच छोट्या संघटनांचं मिळून एक जाळं होतं, त्याचं काम ती इथे बसूनही करायची. ज्यू म्हणून कुणाला शिवीगाळ झाली, मारहाण झाली, भिंतीवर काही लिहिलं गेलं, तर त्या विद्यार्थ्याने त्यांच्या वेबसाइटवर एक फॉर्म भरायचा. या नोंदी ते लोकशाही आणि मानवी हक्कांवरच्या एका मोठ्या परिषदेत, सरकारी प्रतिनिधींसमोर ठेवणार होते. विद्यार्थ्यांना तिथे बोलायला थोडा वेळ मिळणार होता. तोंडी सांगितलं तर ‘तरुण पोरं आहेत, वाढवून सांगतात’ असं होतं, म्हणून यादी हवी होती. आमचा बॉस डग याची बायको एस्थरच्या डिपार्टमेंटला शिकवायची. तिच्या सांगण्यावरून डगने हे काम घेतलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“एकच काळजी घे,” तो म्हणाला होता. “परिषदेतले सरकारी लोक कुठल्याही दोन-तीन ओळी तपासतील. त्यातली एक जरी दोनदा मोजलेली सापडली, तर सगळी यादी केराच्या टोपलीत जाईल.”

डुप्लिकेट होतेच. एका गावात सभागृहाच्या काचा फुटल्या, तर पाच जणांनी पाच फॉर्म भरले होते. काहींनी एकदा भरून, चूक लक्षात आल्यावर पुन्हा भरला होता. मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्रॅम. जागा तीच, प्रकार तोच, आणि दोन नोंदींमध्ये दहा दिवसांपेक्षा कमी अंतर असेल, तर ती एकच घटना धरायची आणि सगळ्यात शेवटची नोंद ठेवायची. शेवटची का, तर माणूस चूक सुधारून पुन्हा फॉर्म भरतो, म्हणजे शेवटचा फॉर्म बरोबर असणार. शेजारच्या क्यूबिकलमधल्या मंदारने, हा पुण्याचा, ती तपासलीही होती.

“परफेक्ट आहे,” तो म्हणाला होता. “पाठवून टाक यार.”

त्या सोमवारी मी नोंदींची मूळ फाइल उघडली. नशिबाने आमच्याकडे मूळ नोंद कधीच पुसत नाहीत, फक्त बाजूला ठेवतात. त्या हॉस्टेलच्या अकरा नोंदी निघाल्या. सगळ्या एकाच मुलाच्या. त्याला इथे लेओ म्हणते. देशाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिली नोंद अर्धं पान होती. त्याच्या खोलीच्या दारावर कुणीतरी किल्लीने नाझींचं चिन्ह कोरलं होतं आणि चौकटीवरचा मेझुझा उपटून जिन्यात फेकला होता. मेझुझा म्हणजे ज्यू घरांच्या चौकटीला तिरकी ठोकलेली बोटभर लांबीची डबी. आत प्रार्थनेचा कागद असतो. मला तो माहीत होता. रेवदंड्याला आमच्या शेजारी एलिझाबाई राहायच्या. त्या ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून गावात त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या दाराला ती डबी होती आणि त्यांच्या घरून गोड पोह्यांचा मलिदा आला की आम्ही भावंडं त्यातल्या खोबऱ्यावरून भांडायचो.

लेओची दुसरी नोंद चार ओळींची होती. तिसरी दोन ओळींची. चौथीपासून पुढे प्रत्येक वेळी तेच शब्द. मागच्या वेळेसारखंच. तारखा मी कॅलेंडरवर लावून पाहिल्या. सगळे गुरुवार.

प्रत्येक दोन नोंदींमध्ये सात दिवस. माझी मर्यादा दहा. त्यामुळे पहिली दुसरीत गेली, दुसरी तिसरीत, आणि साखळीसारख्या सगळ्या मिळून एक झाल्या. शेवटची ठेवायची, म्हणून नेमकी अर्ध्या पानाची नोंद गेली आणि हे दोन शब्द उरले. स्क्रिप्टमध्ये बिघाड नव्हता. मी सांगितलं तसंच तिने केलं होतं.

मी मंदारला बोलावलं. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसला.

“अगं, पण असं दुसऱ्या नोंदींचंही झालं असेल ना?”

“असेल. तेच बघायचंय.”

डगला सांगायला गेले तेव्हा तो सँडविच खात होता. त्याने ते खाली ठेवलं.

“परिषद कधी?”

“पुढच्या बुधवारी.”

“आकडा कमी होणार की वाढणार?”

“वाढणार.”

“हेच नको होतं,” तो म्हणाला. “कमी झाला असता तर प्रामाणिक दिसलो असतो. पाठवलेली यादी परत मागून जास्तीचा आकडा दिला तर म्हणतील, फुगवला. आहे ती राहू दे म्हटलं तर?”

“तर त्या मुलाचे दहा गुरुवार गेले. आणि असे अजून किती, ते माहीत नाही.”

त्याने सँडविच कागदात गुंडाळलं. मग त्याने विचारलं, “औषधांच्या ट्रायलमध्ये अशा दोन सारख्या ओळी दिसल्या असत्या तर तू काय केलं असतंस?”

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. क्वेरी पाठवली असती. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. डेटा विचित्र दिसला तर स्वतः दुरुस्त करायचा नाही. ज्याने लिहिला त्याला लेखी विचारायचं आणि त्याचं उत्तर जोडून ठेवायचं. सात वर्षं मी नवीन मुलांना हे शिकवत होते. इथे औषध नव्हतं, पेशंट नव्हता, वेबसाइटचं काम होतं, म्हणून मी विचारलं नाही. मला ते तितकं महत्त्वाचं वाटलं नव्हतं, हे खरं कारण.

“मग आता पाठव क्वेरी,” डग म्हणाला.

स्क्रिप्टने जिथे जिथे नोंदी एकत्र केल्या होत्या, तो प्रत्येक गट आम्ही काढला. सगळ्यांना ईमेल गेले. दोन दिवसांत ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना फोन. युरोप आमच्यापुढे सहा तास, म्हणून एस्थर रोज सकाळी आठला यायची आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून वहीत लिहायची. तिला तिकडच्या चार भाषा येत. प्रश्न ठरलेला होता. ही एकच घटना की वेगवेगळ्या? बाकी काही सुचवायचं नाही.

बरेच खरोखरचे डुप्लिकेट निघाले. काचांचे पाच फॉर्म एकाच घटनेचे होते. एका मुलीने सांगितलं, “माझी नोंद काढूनच टाका. आईला कळलं तर ती मला परत घरी बोलावेल.” आम्ही काढली. एस्थरला ते जड गेलं. ती नोंद यादीतल्या सगळ्यात गंभीर नोंदींपैकी होती.

लेओ गुरुवारी सापडला. तो इंग्रजी बोलायचा, म्हणून मीच बोलले. प्रश्न विचारला.

“तुम्हाला काय वाटलं?” तो म्हणाला. “मी एकच बटण अकरा वेळा दाबलं?”

“माझ्या प्रोग्रॅमला तसं वाटलं. चूक माझी आहे. म्हणून तुलाच विचारतेय.”

मी पेन उचललं.

“अकरा वेगवेगळ्या,” तो म्हणाला. “गुरुवारी खालच्या बारमध्ये गर्दी असते. परत येताना कुणीतरी करतं. मी दर शुक्रवारी हॉस्टेलच्या ऑफिसात जायचो. तिथली बाई चांगली आहे. म्हणायची, तुमची तक्रार आधीच नोंदलेली आहे, पुन्हा लिहायची गरज नाही.”

मी हे लिहून घेतलं. लिहिताना माझ्या लक्षात आलं की त्या बाईने आणि माझ्या स्क्रिप्टने एकच काम केलं होतं. स्क्रिप्टही चांगलीच होती.

“मार्चनंतरची नोंद नाही,” मी म्हटलं. “थांबलं का?”

“नाही. मी लिहायचं थांबवलं.”

फोन ठेवल्यावर एस्थर आणि माझी त्या आठवड्यातली एकमेव भांडाभांडी झाली. तिचं म्हणणं, मार्चनंतरचे गुरुवारही मोजायचे.

“तो खोटं बोलतोय असं वाटतं का तुला?”

“नाही.”

“मग?”

“त्या दिवसांची नोंद नाही. आज आठवून लिहिलेली ओळ मी त्या दिवशी लिहिलेल्या ओळीशेजारी ठेवू शकत नाही.”

“तू हॉस्टेलच्या ऑफिसासारखी बोलतेस,” ती म्हणाली.

मला ते लागलं. पण मी ऐकलं नाही. शेवटी तळटीप द्यायची ठरली. ‘यानंतर तक्रारदाराने नोंद करणं थांबवलं. घटना थांबल्या नाहीत असं त्याचं म्हणणं आहे.’ एस्थरने ती दोनदा वाचली आणि मान डोलावली.

दुपारी आम्ही पार्किंग लॉटमधल्या बाकावर डबा खात होतो, तेव्हा मी तिला एलिझाबाईंबद्दल सांगितलं. मराठी बोलणारे ज्यू असतात हे तिला माहीत नव्हतं.

“त्यांच्या दाराला कुणी काही केलं होतं?” तिने विचारलं.

“नाही. दिवाळीत आम्ही पोरी त्यांच्या दारापुढेही रांगोळी काढायचो. त्या ओरडायच्या, पायरी घाण करता म्हणून.”

ती हसली. मग म्हणाली, “म्हणून तुला दहा दिवस पुरेसे वाटले असतील.”

ती रागाने म्हणाली नव्हती. मी एकच गोष्ट गृहीत धरली होती. अशी घटना माणसाच्या आयुष्यात एकदाच घडते आणि तिची दुसरी नोंद म्हणजे चूकच असणार. ही समजूत मी घरून घेऊन आले होते. ती कोडमध्ये कधी उतरली ते मला कळलंही नाही.

शुक्रवारी दुरुस्त यादी तयार झाली. सोबत पत्र लागणार होतं. चूक कशी झाली, कशी सापडली, प्रत्येक ओळ कुणाला विचारून बदलली. डगने मसुदा वाचला.

“सही कुणाची?”

“स्क्रिप्ट माझी आहे.”

“तुझं ग्रीन कार्डचं चालू आहे ना? त्यात उगाच हे कशाला? कंपनीच्या नावाने पाठवू.”

मंदारही तेच म्हणाला. “अगं, तुझं नाव जाहीर कागदावर. कुणी गूगल केलं तर पहिलं हेच दिसेल.”

मी घाबरले होते. नवऱ्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, तुला जे बरोबर वाटतं ते कर, फक्त नंतर मला दोष देऊ नकोस. मी सही केली. यात शौर्य नव्हतं. आमच्याकडे ज्याने बदल केला त्याचं नाव बदलाशेजारी लिहितात. नाव नसलेली दुरुस्ती मीही कधी मान्य केली नसती.

परिषदेला एस्थर स्वतः गेली होती. ती संपल्यावर तिचा फोन आला. फुगवलेला आकडा असं कुणी म्हटलं नाही. उलट एका सरकारी प्रतिनिधीने पत्र आधी वाचलं आणि मग यादी. त्याने तपासायला ज्या ओळी निवडल्या त्यांत लेओच्या तीन होत्या, कारण त्या सारख्याच दिसत होत्या. एस्थरने लेओचं मी लिहून घेतलेलं उत्तर पुढे केलं. मग त्या प्रतिनिधीने बाकीच्या ओळी तपासल्या नाहीत. परिषदेच्या अंतिम निवेदनात, सरकारांनी अशा घटनांची नीट नोंद ठेवावी अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ते आमच्या यादीमुळे आलं असं मी म्हणणार नाही. अशी वाक्यं बऱ्याच जणांच्या खटपटीने येतात.

लेओला हॉस्टेलने दुसऱ्या इमारतीत खोली देऊ केली. त्याने नाकारली. मग गुरुवारी त्या मजल्यावर एक पहारेकरी बसू लागला आणि दार शाबूत राहिलं. पकडलं कुणालाच गेलं नाही. माझं ग्रीन कार्ड आपल्या वेळेला आलं. पत्राबद्दल मला कुणीही काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी एस्थरच्या संघटनेने फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला. ‘हे याआधी घडलं आहे का? किती वेळा?’ प्रश्न माझा होता, शब्द तिचे. मला वाटलं होतं बहुतेक जण तो रिकामा सोडतील. त्याच रकान्यात लोक सगळ्यात जास्त लिहितात, असं तिने नंतर कळवलं.

दोन ओळी सारख्या दिसल्या तर त्या मिटवायला एक सेकंद लागतो. लिहिणाऱ्याला विचारायला आठवडा लागतो. मी आता वेळापत्रकात तो आठवडा आधीच धरते. क्लायंट कुरकुर करतात.