पाड्यावर दोन सोमी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं बरं आहे.

नव्वद सालच्या आसपास मी भिवंडीत एका संस्थेत होते. डोंगरावरच्या मुलांना शिक्षणाचा खर्च उचलणारे शहरातले दत्तक पालक मिळवून द्यायचे आणि मुलांची खुशाली त्यांना इंग्रजीतून कळवायची — हे माझं काम. आमच्या वस्तीत बी.ए. झालेली पहिली मुलगी मी, त्याचा तोरा काय विचारता! पडघ्याच्या पुढे एस.टी.तून उतरून दीड तास चढलं की ठाकरांचा पाडा. तिथली सोमी माझ्या यादीत होती. नऊ वर्षांची, चुणचुणीत. तिला मीच एक वाक्य शिकवलं होतं — माय नेम इज सोमी. ते ती शेळ्यांनाही ऐकवायची.

आता माझी पहिली लबाडी. दिवाळी झाली की सोमीचं अख्खं घर वीटभट्टीवर जायचं, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. म्हणजे सोमी अर्धं वर्ष शाळेतच नसायची. आणि मी तीन वर्षं लिहीत होते, मुलगी रोज शाळेत जाते. खरं लिहिलं तर तिचं नाव कापतील, असं मी मनाशी म्हणायचे. खरं म्हणजे संस्थेतल्या साहेबांची बोलणी मला बसली असती.

मग जानेवारीत तिच्या पालक मॅडम बंगलोरहून स्वतः यायच्या ठरल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मराठीचा गंध नाही. सोमी पसंत पडली तर पडघ्याच्या वसतिगृहात तिची सोय करणार होत्या. म्हणजे तिची भट्टी सुटली असती, कायमची. मी भट्टीवर निरोप धाडला — रविवारी सोमीला घेऊन पाड्यावर या. मुकादम सोडेल की नाही, कुणास ठाऊक.

रविवारी अकरा वाजले, सोमीचा पत्ता नाही. मॅडम घाम पुसत उभ्या, मी सारखी वाटेकडे बघतेय. शेवटी मी सोमीच्या चुलत बहिणीला, मंगळीला पुढे केलं. म्हटलं, हीच सोमी. मॅडमकडचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा — कोण ओळखणार? मंगळीच्या आईनं पोरीचे केस सारखे केले. मॅडमनी पोरीला जवळ घेतलं, आणलेला फ्रॉक तिच्या अंगात चढवला. मी हुश्श केलं.

आणि तेवढ्यात बुधीबाई वर आली, सोमीची आई. केसांत विटांची लाल धूळ, हाताला सोमी. मायलेकी पहाटेच्या निघाल्या होत्या. सोमी धावत मॅडमसमोर गेली, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "माय नेम इज सोमी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या घडीला खरं सांगता आलं असतं ना? पण मी हसले — हसले हो! — आणि इंग्रजीत म्हणाले, इथे वारावरून नावं ठेवतात. सोमवारी जन्मली ती सोमी, पाड्यापाड्यावर सोम्या आहेत. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मॅडमना गंमत वाटली. त्यांनी सोमीच्या हातावर गोळी ठेवली.

बुधीबाई त्या फ्रॉककडे बघत होती. "ताई, आमची सोमी ही हाय. तुमीच बोलावलंत ना?"

नंतर बोलू, आता तुम्ही जा, असं मी तिला म्हटलं. ती गेली. वसतिगृहात मंगळी गेली.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही — भित्री होते म्हणून एवढं कदाचित मी पचवलंही असतं. पण जूनमध्ये मी परत पाड्यावर गेले. बुधीबाईनं कोरा चहा दिला आणि कामाला लागली. निघताना सोमी मला सोडायला बांधापर्यंत आली. मी काय केलं होतं ते त्या पोरीला कळलंच नव्हतं. तिच्या डोक्यात वेगळंच. खालमानेनं तिनं विचारलं, "ताई, माजं बोलनं चुकलं, म्हनून त्या बाईंनी मंगळीला नेली का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. मॅडम नव्हत्या, साहेब नव्हते, ऐकायला चिटपाखरू नव्हतं. मग भीती कुणाची होती मला?

मी म्हटलं, "हो. थोडं चुकलं."

आणि तिनं ते खरं मानलं.