खाऱ्या पाण्याकडे नेलेली कालवं

आई परळच्या हॉस्पिटलात होती तेव्हा बाहेरच्या बाकावर एक म्हातारे काका रोज भेटायचे. खिशातून कालवाचा शिंपला काढून ते शेजाऱ्याच्या हातावर ठेवायचे.

"काका, परत तीच कालवं?" वॉचमन चिडवायचा.

"परत तीच. चेडू पन एकच आसा माझा!"

त्यांची ही एकुलती मुलगी गावाला खाडीत दोरांवर कालवं वाढवते. गेल्या पावसात खाडीचं पाणी गोडं झालं. अशा पाण्यात कालवं शिंपले मिटून उपाशी बसतात, वाढत नाहीत, शेवटी मरतात. काकांनी आशाच सोडली होती. मुलीने मात्र होडी काढून सगळे दोर खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात नेले.

शिंपल्यावरच्या जाड रेघेवर अंगठा ठेवून काका म्हणाले, "हंयसर वाढ थांबली. ह्याच्या फुडचा सगळा माझ्या चेडवान वाढयला."

मी ओशाळलो. माझ्या मुलीचं काम मी नातेवाइकांपासूनही लपवत आलो होतो.

"तुमची पोरां काय करतत?" काकांनी विचारलं.

"एक मुलगी आहे. बस चालवते," मी म्हणालो, वॉचमनलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.