मालकाची उलटतपासणी

वकील का झालात, असं कुणी विचारलं की मी संविधान, न्याय, समाजाचं ऋण असं काहीतरी बोलते. सत्काराला बोलावतात तेव्हा तर ते बोलावंच लागतं. खरं कारण एवढंच, की मला एका माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं होतं.

माझी आई पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जायची. आमची बौद्ध वस्ती निफाड तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला. हंगामात सकाळी टेम्पो यायचा, बायका त्यात दाटीनं बसायच्या. दिवसभर उभं राहून घड हातात घ्यायचा, कात्रीनं खराब मणी काढायचे, घड डब्यात नीट बसवायचा. हा माल परदेशात जायचा. आईचा हात वस्तीत सगळ्यात स्वच्छ, असं बायकाच म्हणायच्या.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्याच गल्लीतली एक गरोदर बाई काम करता करता चक्कर येऊन पडली. तिला टेकवायला काही नव्हतं. आई सरळ मालकाच्या केबिनमध्ये गेली, त्याची खुर्ची ओढत बाहेर आणली आणि तिला बसवलं. तेवढ्यात मालक आला. तो आईला आमच्या जातीवरून जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. फिर्यादीत ते शब्दन् शब्द आहेत. बोलून झाल्यावर त्यानं ती खुर्ची अंगणात नेऊन सगळ्यांसमोर पाइपाच्या पाण्यानं धुवून घेतली.

आई तिथून घरी आली नाही. तशीच पोलीस ठाण्यात गेली. संध्याकाळपर्यंत अर्धी वस्ती ठाण्याबाहेर जमली होती. बायका तावातावानं सांगत होत्या, "आम्ही कानानं ऐकलंय. कुठंबी सांगू." गुन्हा दाखल झाला.

मालकानं कुणाला धमकी दिली नाही, कुणाच्या दारात माणसं पाठवली नाहीत. त्यानं फक्त आमच्या वस्तीत टेम्पो पाठवणं बंद केलं. एक हंगाम गेला. आजूबाजूच्या पॅकहाऊसवाल्यांनीही आमच्या बायकांना घेतलं नाही. पुढच्या हंगामात टेम्पो पुन्हा आला, आणि त्यात बसून गेलेल्या बायकांना काही आठवेनासं झालं.

खटला उभा राहिला तेव्हा मी बारावीत होते. निफाडच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. मालकानं नाशिकहून मोठे वकील आणले होते. मला वाटलं होतं, हा वकील आईवर ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं तिला मावशी म्हटलं.

"मावशी, तुमच्या कामाचं सगळे फार कौतुक करतात."

आई थोडी सैल झाली. "काम चोखच करते मी."

"एकदा हात चालू झाला की इकडंतिकडं बघत नसाल?"

"नाय बघत. मान वर करत नाय मी."

"कुणी काही बोललं तरी?"

"बोलूदे की. आपलं काम भलं."

"मग मावशी," तो अगदी मायेनं म्हणाला, "मान वर न करता, कुणाचं बोलणं मनावर न घेता, त्या दिवशी कोण कुठं उभं होतं आणि कोण काय बोललं, हे तुम्हाला कसं बरं एवढं नेमकं कळलं?"

आई म्हणाली, "त्या टायमाला मी काम करत नव्हते ना साहेब, खुर्ची..." पण कोर्टात कुणीतरी हसलं होतं, आणि ती पुढचं वाक्य विसरली. मी तिच्याकडे बघत होते. ज्या कामाचा तिला अभिमान होता, त्याच कामानं तिला खोटं पाडलं होतं.

तिच्यानंतर ती चक्कर आलेली बाई पिंजऱ्यात आली. "मी शुद्धीवर नव्हते. मी काय ऐकलं नाय," एवढंच तिनं सांगितलं आणि आईकडे न बघता उतरली. बाकीच्याही अशाच फितूर झाल्या. मालक निर्दोष सुटला.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघी एसटीची वाट बघत उभ्या होतो. मालकाची गाडी आमच्यासमोर येऊन हळू झाली. काच खाली आली. "बाई, उन्हात कशाला थांबता? घरी सोडू का?" तो हसत नव्हता. आवाजात खरीच काळजी असावी असं बोलला. आई म्हणाली, "नको, बस येईल." काच वर गेली. त्या क्षणी मी ठरवलं. पुस्तकं वाचून, भाषणं ऐकून नाही.

बारावीचा निकाल लागल्यावर विहारात बैठक बसली. वडील मार्केटमध्ये कांद्याच्या गोण्या उचलायचे. त्यांनी हात जोडून सांगितलं, पोरगी वकिली शिकायची म्हणते, आमच्या घरात शाळेच्या पुढं कुणी गेलेलं नाही, मला यातलं काही कळत नाही. मला वाटलं होतं लोक उपदेश करतील. कुणी केला नाही. वर्गणी ठरली. शिंप्यानं सांगितलं, काळा कोट मी शिवणार. नाशिकच्या वसाहतीत राहणाऱ्या एका क्लार्क नवरा-बायकोनं आपल्या गॅलरीला पत्रा लावून मला झोपायला जागा दिली. त्यांनीच कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी माझ्याशेजारी बसून मोबाइलवर सराव करून घेतला.

आणि ती चक्कर आलेली बाई मागच्या रांगेतून उठून म्हणाली, "डबा मी देईन."

तिनं दिला. पाचही वर्षं. आमच्या गावातून नाशिकला भाजीचा टेम्पो जायचा, त्यात तिचा डबा यायचा. बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याचा ठेचा. द्वारका चौकात मी तो उतरवून घ्यायची. तिच्या हाताला चव होती. मी डबा पुसून खायची आणि रिकामा परत पाठवायची. कधी चिठ्ठी नाही, निरोप नाही. सुट्टीत गावी गेले की ती दारातून विचारायची, "मीठ बरोबर असतं ना?" मी मान हलवून पुढे जायची. वस्ती मला शिकवत होती कारण वस्तीला आईच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. लोक याला पाठिंबा म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला भरपाई म्हणायची आणि हक्कानं घ्यायची.

पहिल्या वर्षी इंग्रजीनं माझा जीव काढला. निकालपत्राचं एक पान वाचायला एक संध्याकाळ जायची. वसाहतीतल्या विहारात बसून मी ते मोठ्यानं वाचायची. म्हाताऱ्या बायका वंदना संपवून थांबायच्या आणि न कळणारं इंग्रजी ऐकत बसायच्या. एकदा एकीनं विचारलं, "यात कुणाला फाशी झाली का?" मी म्हटलं, "नाही, जमिनीचा वाद आहे." ती निराश होऊन उठली. मलाही तसंच वाटायचं.

सनद मिळाली. आता कुणाकडे तरी ज्युनिअर म्हणून उमेदवारी करायची होती. मी त्याच मोठ्या वकिलांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. निफाडच्या कोर्टात मागच्या बाकावर बसलेली मुलगी त्यांनी कशाला बघितली असेल? "कोण आहे घरात वकील?" त्यांनी विचारलं. "कुणी नाही." "मग जास्त मेहनत करशील," ते म्हणाले आणि ठेवून घेतलं.

ते चांगले शिक्षक निघाले. याचा मला आजही राग येतो. माझे मसुदे ते स्वतः दुरुस्त करायचे, उशीर झाला तर ड्रायव्हरला सोडायला सांगायचे. एकदा गाडीत म्हणाले, "साक्षीदाराला खोटेपणात पकडायला जाऊ नकोस. तिथं तो सावध असतो. त्याला अभिमान कशाचा आहे ते बघ. तिथं दार उघडं असतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. कारण तोंड वळवलं असतं तर माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना दिसलं असतं.

पॅकहाऊसचा मालक त्यांचाच अशील होता. त्याची फाईल टेबलावर आली की मी दुसरं काम काढायची. एकदाही ती उघडली नाही. उद्या मी त्याच्यासमोर उभी राहिले तर माझ्याकडे कुणाला बोट दाखवता येता कामा नये, एवढी काळजी मी घेत होते. शिकायचं ते शिकून झाल्यावर सरांच्या पाया पडून मी बाहेर पडले आणि वाट बघत बसले.

फार वाट बघावी लागली नाही. हरसूलच्या डोंगरपाड्यांवरून दर हंगामात मजूर बायका द्राक्षाच्या कामाला खाली येतात. त्यातल्या एकीची तीन बोटं त्याच पॅकहाऊसच्या माल वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यात सापडून तुटली होती. मालकानं तिला दवाखान्याच्या दारात सोडलं आणि नंतर सांगितलं, ही बाई माझ्याकडे कामालाच नव्हती, आपली आपण आत शिरली. तिला माझ्याकडे कुणी आणलं असेल? डबेवालीनं. ती अजून तिथंच कामाला होती.

"पट्टा बंद मीच केला," ती म्हणाली. "ह्या खेपेला मी सांगते कोर्टात."

मी तिला बसा म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "तिथं उभं राहिल्यावर पुन्हा चक्कर येणार नाही ना?"

तिचा चेहरा पडला. पण ती गेली नाही. "नाय येणार," म्हणाली.

नाशिकच्या कामगार न्यायालयात दावा लागला. समोर सरच होते. पुरावा सुरू होण्याआधी त्यांच्याकडून तडजोडीचा निरोप आला. रक्कम वाईट नव्हती. अशिलाला सांगणं माझं काम होतं, म्हणून मी हरसूलच्या बाईला नीट समजावून सांगितलं. तिनं तुटका हात पदराखाली घेतला.

"तो म्हणतो मी तिथं कामाला नव्हतेच," ती म्हणाली. "मग माझी बोटं कुठं गेली? पैसं घेईन ताई. पण आधी त्यानं म्हणावं, मी तिथं कामाला होते."

तिला तडजोड हवी असती तर मला ती करावी लागली असती, आणि मी आयुष्यभर तिच्यावर चिडले असते. तसं झालं नाही.

डबेवालीची साक्ष झाली. सरांनी तिला मावशी म्हटलं, कामाचं कौतुक केलं. ती म्हणाली, "माझं काम बरं नाय साहेब. मी सारखी इकडंतिकडं बघते. म्हणूनच मला ती दिसली." मी तिला एवढं शिकवलं नव्हतं. तिनं आईची साक्ष किती वेळा मनात घोळवली असेल, ते मला तेव्हा कळलं.

मग मालक पिंजऱ्यात आला. केस पांढरे झाले होते, पण कपडे कडक इस्त्रीचे. मी आवाज खाली ठेवला.

"तुमचा माल परदेशात जातो. म्हणजे स्वच्छतेचे नियम फार कडक असतील?"

"अर्थात. परदेशी लोक येऊन तपासून जातात. आमच्यासारखं पॅकहाऊस तालुक्यात नाही."

"मग येणारा-जाणारा कुणीही आत शिरत असेल, असं म्हणता येणार नाही?"

"कुणीही?" त्याला राग आला. "गेटवर माणूस असतो. डोक्याला टोपी, अंगात एप्रन, हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. माझ्या परवानगीशिवाय मुंगी आत येत नाही."

सर उठायला लागले. त्यांना कळलं होतं. पण ते वाक्य न्यायाधीशांनी टिपून घेतलं होतं.

"या बाईंची बोटं तुमच्या पॅकहाऊसच्या आतल्या पट्ट्यात तुटली, हे तुम्ही नाकारत नाही. तिथं मुंगी येत नाही. मग या आत कुणाच्या परवानगीनं आल्या?"

त्यानं सरांकडे बघितलं. मी घाई केली नाही. मग त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"ए पोरी," तो म्हणाला, "तू मला शिकवू नको."

न्यायाधीश म्हणाले, "वकिलांशी बोलताय तुम्ही. नीट बोला."

"प्रश्न पुन्हा विचारू का?" मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला. "मुकादमानं आणली असेल कामाला."

"कुणाच्या कामाला?"

"माझ्याच."

इथं थांबता आलं असतं. एवढं पुरेसं होतं. मी थांबले नाही. तोच प्रश्न आणखी दोन तऱ्हांनी विचारला आणि तेच उत्तर आणखी दोनदा वदवून घेतलं. न्यायाधीशांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं तेव्हा बसले. मागच्या बाकावर हरसूलची बाई पदर तोंडाला लावून रडत होती.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्याजवळ आले. "छान घेतलीस उलटतपासणी," म्हणाले. हरल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी त्यांना सांगितलं. निफाडचं कोर्ट, खुर्ची, मान वर न करणारी बाई. ती माझी आई.

ते आठवायचा प्रयत्न करत होते. खरंच करत होते. "निफाडला खूप केसेस केल्या गं," ते म्हणाले. "नाही लक्षात."

इतकी वर्षं मी ज्या दिवसावर जगले, तो त्यांच्या लक्षातच नव्हता. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर त्यांची मान खाली जाईल. तेवढं मला मिळालं नाही, आणि आता कधी मिळणारही नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. आईला फोन केला तर ती म्हणाली, "आता झालं ना तुझं? आता तरी नीट झोप." वस्तीनं विहारात सत्कार ठेवला. तिथं मी संविधानावर बोलले. डबेवाली आणि आई शेजारी शेजारी बसल्या होत्या. बोलत नव्हत्या, पण बसल्या होत्या. मी डबेवालीचे आभार भाषणात मानले नाहीत. अजून मानलेले नाहीत.

मागच्या महिन्यात कळलं, मालकानं हायकोर्टात अपील केलं आहे. अपिलाआधी भरपाईची सगळी रक्कम भरावी लागते. ती त्यानं भरली आहे, त्यामुळे हरसूलच्या बाईची मला काळजी नाही. माझ्या ज्युनिअरला वाटलं, मला वाईट वाटेल. तिनं बिचकत सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा पाजला. तो माणूस अजून लढतो आहे. मला त्याच्यासमोर पुन्हा उभं राहता येणार आहे.