शिडाच्या होडीवरच्या बाईंना मी हे काय लिहून बसलो!

मंडळी, शिडाच्या होडीत संसार करणाऱ्या परदेशी जोडप्याचा तो ब्लॉग मीच तुम्हाला पाठवला होता. बरेच दिवस त्यावर नवीन काही नव्हतं. आज सकाळी भोरच्या सायबर कॅफेतून मी गमतीनं लिहिलं, "काय हो, बुडालात की काय?"

दुपारी पुन्हा कॅफेत गेलो, तर बाईंचं उत्तर आलेलं. "माझे पती आजारपणात गेले. होडी बंदरात बांधून ठेवलीय."

लाजेनं मान वर होईना. घरी येऊन बायकोला, रेहानाला, सांगितलं.

"मग हितं काय बसलाय? जावा, माफी मागा त्यांची."

परत जाऊन माफी मागितली. त्यांच्या नवऱ्यानं वादळात पाव करपवला, ती ब्लॉगवरची गोष्ट मी घरात वाचून दाखवली होती, तेही लिहिलं.

त्यांनी लगेच विचारलं, "घरचे हसले का?"

लई हसलो होतो. पण तसं लिहायला हात धजेना, तसाच उठून आलो. तुम्ही काय लिहिलं असतं?