उतरायचं तेवढं शिकायचं राहिलं

मला सायकल उत्तम चालवता येत होती, फक्त उतरता येत नव्हतं.

आमच्या पेठेत मी सायकल शिकलो ती शेजारच्या ओट्याच्या भरवशावर. ओट्यावर उभं राहायचं, सीटवर बसायचं, बाजारापर्यंत फेरी मारायची आणि परत येऊन त्याच ओट्यावर पाय टेकायचा. (ओट्यावर कुणी पापड वाळत घातले असले की मी आणखी एक फेरी मारत असे. पेठेला वाटे, काय हौस आहे!) सायकल नवीकोरी, सासऱ्यांनी पहिल्या दिवाळसणाला दिलेली. खरं तर मी बोलता बोलता खिशातल्या घड्याळाचा विषय काढला होता. पण सायकल आली आणि मी तो विषय सोडून दिला. सासुरवाडीने मात्र तो सोडला नव्हता, हे मला पुढे कळलं.

पौषात त्यांचा निरोप आला, मंद्रूपच्या शेतावर हुरड्याला या. आमचं कुटुंब आधीच माहेरी पोचलं होतं आणि तिथे सांगून बसलं होतं की, "हे दोन्ही हात सोडून सायकल चालवतात." आता माहेरच्या माणसांत तिचा शब्द खोटा पडून कसा चालेल? मी गिरणीतल्या दोन कारकून मित्रांना, सदू आणि मल्लप्पाला, बरोबर घेतलं. सदूला माझी अडचण ठाऊक होती.

"शेत आलं की मी आधी उतरतो आणि तुझी सीट धरतो," तो म्हणाला. "कुणाला कळायचं नाही."

सकाळ मोठी छान होती. सीनेच्या काठाने बैलगाडीची वाट, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कणसांनी लवलेली ज्वारी. मल्लप्पा कानडी भजन म्हणत होता आणि आम्ही दोघे घंटी वाजवून ताल धरत होतो. इतक्या सुखात मी फार थोड्या वेळा असतो.

तेवढ्यात सदूच्या चाकात बाभळीचा काटा गेला. सदू उतरला. त्याच्या मदतीला मल्लप्पा उतरला. मी कसा उतरणार?

"तुम्ही या मागून," मी मान न वळवता ओरडलो.

"अरे, पण तुला धरणार कोण?" सदूचा आवाज मागे मागे गेला.

शेत आलं. चिंचेखाली आगटी पेटलेली, भोवती घोंगड्या अंथरलेल्या आणि त्यांवर सगळी सासुरवाडी बसलेली. सासरे फेटा सावरत पुढे आले.

"या जावयबापू, उतरा. हुरडा गरम हाय."

"आलोच," म्हणून मी चिंचेला वळसा घातला. आसपास ओटा नाही, धोंडा नाही, काही म्हणता काही नाही! दुसऱ्या वळशाला सासूबाई शेंगाचटणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्याला सासऱ्यांचा चेहरा पडला.

"आमचं काय चुकलं का?" त्यांनी विचारलं. काहीच चुकलं नाही, हे सांगेपर्यंत मी झाडाच्या पलीकडे पोचलो होतो.

जावई रुसतो, यात आमच्याकडे नवल नाही. पण रुसलेला जावई सायकलवरून खालीच उतरत नाही, हे मंद्रूप प्रथमच पाहत होतं.

"मी म्हनत हुते, त्यांच्या मनात घड्याळ हाय," सासूबाई सासऱ्यांना सुनावत होत्या. "तुमी सायकलीवर भागवलं."

पुढच्या वळशाला सासरे म्हणाले, "जावयबापू, दिवाळीला घड्याळ देतो." त्याच्या पुढच्याला, "बरं, संक्रांतीलाच देतो, पर उतरा की." आणि त्यानंतर, "वर अंगठी बी देतो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि, खोटं कशाला बोलू, आणखी दोन फेऱ्या माराव्यात असंही वाटत होतं.

एवढ्यात पदराआडून बघणाऱ्या कुटुंबाकडे माझी नजर गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपला नवरा आपल्या वडिलांना चार माणसांत असं नाचवतोय, एवढंच तिला दिसत होतं. मला फार वाईट वाटलं आणि हँडल वळवायचं राहून गेलं. सायकल उतारावरून सरळ नदीकडे निघाली. वाळूत ती थांबली. मी थांबलो नाही. गुडघाभर पाण्यात मी तोंडावर आपटलो.

सासरे पळत पाण्यात शिरले. त्यांनी साखळीसकट स्वतःचं घड्याळ काढून माझ्या ओल्या मुठीत कोंबलं.

"ह्ये घ्या, पर असा जीव देऊ नका. पोरीकडं बघा जरा."

माझी मूठ घट्ट मिटली. पडलेल्या जावयापेक्षा रुसलेल्या जावयाचा मान मोठा, शिवाय घड्याळ वेगळं! मी गंभीर चेहरा करून "ठीक आहे" म्हणणार, तोच सदू आणि मल्लप्पा धापा टाकत काठावर आले. सदूने शेतावर एक नजर फिरवली.

"आधीच विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "याला उतरायला ओटा आहे का म्हणून."

मग सगळं सांगावं लागलं. सगळ्यांत आधी कुटुंब हसलं आणि बराच वेळ हसलं. सासऱ्यांनी माझ्या मुठीतून घड्याळ सोडवून घेतलं, कानाला लावून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

पुढच्या पौषात गेलो तर चिंचेखाली दीड हात उंचीचा दगडी ओटा बांधलेला होता. सासूबाई तो शेणाने सारवून ठेवत. नदीकाठाने जाणारी माणसं थांबत आणि विचारत, "हितं कंचा देव हाय?"

"देव न्हाय," सासरे शांतपणे सांगत. "आमचं जावई हितं उतरत्यात."

लोकांचा विश्वास बसला नसावा. परवा गेलो तेव्हा ओट्याला शेंदूर फासलेला होता आणि पुढे नारळ फुटलेला होता. चार माणसं हात जोडून उभी होती, तेव्हा मीही मुकाट्याने जोडले.