मधला चढ

घाटमाथ्यावर सखूमावशीच्या टपरीत बसलो होतो. हातातल्या ग्लासातला चहा एकदम थरथरला. खाली नव्या बोगद्यासाठी सुरुंग उडाला होता.

कोकणाच्या वाट्याला समुद्र आला, देशाच्या वाट्याला काळी माती. आम्हाला मिळाला तो मधला नुसता चढ. त्या चढावर ट्रक तापतात, ते निवेपर्यंत ड्रायव्हर खातात-पितात आणि त्यावर आमचं अख्खं गाव जगतं. बोगदा झाल्यावर इथे कोण कशाला थांबेल?

"गाड्या वाढणार म्हणतात रे," मावशी म्हणाली.

"वाढतील की. पण आपल्या पायाखालून जातील."

ती उठली आणि तापलेल्या ट्रकांसाठी ठेवलेलं रस्त्याकडेचं पिंप रोजच्यासारखं काठोकाठ भरू लागली. तेवढ्यात पुन्हा सुरुंग उडाला, आणि पिंपातलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.